सगळी फाइल कशाला उतरवता?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की जनुकीय माहितीच्या अवाढव्य फाइली साध्या ब्राउझरमध्येही वाचता येतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी नागपूरची आहेत, एक-दोन बाहेरची. नावं गाळून प्रश्न थोडक्यात देते. ज्यांचा जावास्क्रिप्टशी संबंध नाही त्यांनी सरळ शेवटच्या प्रश्नावर जावं, तो पॅथॉलॉजीवाल्या एका वाचकांचा आहे.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प सिकलसेलवर आहे. ११व्या क्रोमोसोमची सव्वा जीबीची दाबलेली व्हीसीएफ फाइल (जनुकीय बदलांची यादी) मिळाली, सोबत टीबीआय नावाची एक चिमुकली फाइलही आली. मला फक्त बीटा ग्लोबिन जनुकाच्या ओळी वेबपानावर दाखवायच्या आहेत. मोठी फाइल फेच करून उलगडायला घेतली की टॅबच बंद पडतो. नोडमध्ये केलं तर एवढी मोठी स्ट्रिंग बनवता येत नाही असा एरर येतो. लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे, १६ करून घेऊ का?
— विद्यार्थिनी, लक्ष्मीनगर

उत्तर : रॅमवर पैसे घालू नको. क्रोम आणि नोड दोघांच्याही पोटात व्ही८ नावाचं इंजिन आहे, आणि त्यात एका स्ट्रिंगची कमाल लांबी ठरलेली आहे : ५३,६८,७०,८८८ अक्षरं. रॅम ६४ जीबी केलीस तरी ती मर्यादा हलत नाही. आणि समजा हलली, तरी जेमतेम सोळाशे बेसच्या (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) जनुकासाठी सबंध क्रोमोसोम घरी आणायचा कशाला?

तू बाजूला ठेवलेली ती टीबीआय फाइलच तुझं काम करणार आहे. पण आधी मोठी फाइल कशी दाबलेली असते ते बघ. साध्या जीझिपमध्ये पुढचा मजकूर मागच्या मजकुराच्या आधाराने लिहिलेला असतो, म्हणून मधलं काही वाचायचं तर सुरुवातीपासून उलगडत यावं लागतं. जनुकीय फाइलींसाठी बीजीझेडएफ हा प्रकार वापरतात. त्यात मजकुराचे तुकडे पाडतात, उलगडल्यावर प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ६५,५३६ बाइटचा, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जीझिप केलेला. हे तुकडे म्हणजे ब्लॉक, एकामागोमाग एक चिकटवलेले. नेहमीच्या गनझिपला ती साधी जीझिप फाइलच वाटते, तो मुकाट्याने उलगडतो. पण ज्याला ब्लॉकची सुरुवात माहीत आहे तो मधल्याच ब्लॉकपासून वाचू शकतो.

ही सुरुवात इंडेक्समध्ये, म्हणजे तुझ्या टीबीआयमध्ये, असते. सिकलसेलचा बदल जीआरसीएच३८ या संदर्भ आवृत्तीत ११व्या क्रोमोसोमवर ५२,२७,००२ या जागी आहे. संदर्भात तिथे टी, बदल झाला की ए. (पुस्तकात जीएजीचं जीटीजी होतं असं वाचलं असशील. जनुक उलट्या धाग्यावर आहे म्हणून फाइलमध्ये टीचा ए दिसतो. फाइल चुकलेली नाही.) टीबीआय बनवणाऱ्या साधनाचं नाव टॅबिक्स. त्याचा इंडेक्स क्रोमोसोमचे कप्पे पाडतो. सगळ्यात मोठा कप्पा ५३ कोटी बेसचा, त्याचा क्रमांक ०. त्याचे आठ भाग, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा आठ, असं करत सहाव्या पायरीला १६,३८४ बेसचा कप्पा येतो. प्रत्येक नोंद ज्या सगळ्यात लहान कप्प्यात पुरी मावते त्यात जाते.

आता कागद घे. मोजणी शून्यापासून, म्हणून आपली जागा ५२,२७,००१. तिला १६,३८४ ने भाग, पूर्णांक ३१९ येतो. सगळ्यात खालच्या पायरीचे क्रमांक ४६८१ पासून सुरू होतात, म्हणजे ४६८१ अधिक ३१९, बरोबर ५०००. सिकलसेलचा कप्पा नंबर पाच हजार! मी पहिल्यांदा हा आकडा बघितला तेव्हा गणित पुन्हा करून पाहिलं होतं. याच्यावरचे कप्पे ६२४, ७७, ९, १ आणि ०. एकूण ३७,४४९ कप्प्यांपैकी तुला फक्त हे सहा बघायचे आहेत. मोठ्या कप्प्यांतल्या बऱ्याच नोंदी आपल्या जागेच्या खूप आधीच्या असतात. त्या गाळायला इंडेक्समध्ये आणखी एक यादी असते : प्रत्येक १६,३८४ बेसच्या पट्ट्यातली पहिली नोंद फाइलमध्ये कुठे सापडेल, एवढंच ती सांगते. कप्प्यांची ही रीत यूसीएससीच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, सांताक्रूझ) जीनोम ब्राउझरमधून आली, सुचवली होती लिंकन स्टाइन आणि रिचर्ड डर्बिन यांनी. कोणत्याही टॅबने आखलेल्या फाइलला ती लावणारं टॅबिक्स हेंग ली यांचं, त्यावरचा त्यांचा निबंध २०११चा.

हे सगळं तुला स्वतः लिहायचं नाही. जेब्राउझ हा जीनोम ब्राउझर ज्यांचा आहे त्या जीमॉड गटाने एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचं भांडार) टॅबिक्सचं पॅकेज ठेवलं आहे. बॅम फाइलींसाठी (त्यांत मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे असतात) त्यांचंच वेगळं पॅकेज आहे. टॅबिक्सच्या पॅकेजला मोठ्या फाइलचा पत्ता दे, टीबीआयचा पत्ता दे, आणि गेटलाइन्स या फंक्शनला क्रोमोसोमचं नाव, सुरुवात, शेवट सांग. ओळी एकेक करून तुझ्या कॉलबॅककडे येतील.

दोन ठिकाणी पाय अडखळतो. व्हीसीएफमध्ये जागा १ पासून मोजतात, हे पॅकेज ० पासून मोजतं आणि शेवटची जागा धरत नाही. म्हणून सिकलसेलसाठी सुरुवात ५२,२७,००१ आणि शेवट ५२,२७,००२. दुसरं, तुझ्या फाइलमध्ये क्रोमोसोमचं नाव नुसतं ११ आहे की आधी सीएचआर ही अक्षरं आहेत ते बघून घे. नाव जुळलं नाही तर एरर येत नाही, शून्य ओळी येतात, आणि माणूस बसतो की या लोकांमध्ये बदलच नाही म्हणत. फाइल जुन्या जीआरसीएच३७ वर बेतलेली असेल तर हीच जागा ५२,४८,२३२ आहे, हेही हेडरमध्ये तपास.

प्रश्न : हे काम पायथॉनमध्ये दोन ओळींत होतं. जावास्क्रिप्टमध्ये करायची हौस काऊन?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : तुम्हाला एकट्याला बघायचं असेल तर पायथॉनच वापरा हो. पण डॉक्टरांना, विद्यार्थ्यांना किंवा मार्गदर्शकांना दाखवायचं असेल तर त्यांच्या मशीनवर पायथॉन कोण बसवून देणार? ब्राउझर सगळ्यांकडे असतो. शिवाय मागे सर्व्हरवर प्रोग्राम चालवावा लागत नाही, फाइली नुसत्या ठेवल्या की झालं.

प्रश्न : तयार पॅकेज न वापरता टीबीआय स्वतः वाचायचं ठरवलं. छोट्या चाचणी फाइलवर सगळं बरोबर येतं, खऱ्या फाइलवर पत्ते उणे येतात किंवा भलतीकडेच जातात. शिवाय ब्राउझरचा डिकम्प्रेशनस्ट्रीम पहिला तुकडा उलगडतो आणि पुढे एरर देतो. कुठे चुकतंय?
— अभियांत्रिकी, तिसरं वर्ष, हिंगणा मार्ग

उत्तर : शाब्बास, हे एकदा हाताने करूनच बघावं. दोन्ही दुखणी वेगवेगळी आहेत.

आधी पत्ते. इंडेक्समधला प्रत्येक पत्ता ६४ बिटांचा असतो. वरचे ४८ बिट ब्लॉक कुठे सुरू होतो ते सांगतात, दाबलेल्या फाइलमध्ये मोजून. खालचे १६ बिट उलगडलेल्या ब्लॉकमध्ये कितव्या बाइटपासून वाचायचं ते. इमारत कुठली आणि आत फ्लॅट कितवा, अशी जोडी. तू बहुतेक उजव्या-डाव्या शिफ्टने आणि ऑरने हा आकडा जुळवला असशील. जावास्क्रिप्टमध्ये ही सगळी बिटांची कामं ३२ बिटांतच होतात, तीही चिन्हासकट. १६ बिट फ्लॅटला गेले, एक बिट चिन्हाला गेला, इमारतीसाठी उरले १५. म्हणजे ब्लॉकची सुरुवात ३२,७६७ बाइटपर्यंत असेल तोवर उत्तर बरोबर, त्यापुढे उणे, आणि ६५,५३६ पासून वरचे बिटच गायब. तुझी चाचणी फाइल एक-दोन ब्लॉकची असणार, म्हणून तिथे सगळं गोड गोड वाटलं.

बिगइंटने (जावास्क्रिप्टचा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) सुटतं, पण त्याचीही गरज नाही. आठ बाइट लहान टोकापासून लिहिलेले असतात. पहिले दोन वेगळे वाच, ते फ्लॅट. उरलेले सहा शिफ्टने नव्हे, गुणाकाराने जोड : २५६, ६५,५३६ असं पुढे पुढे. ४८ बिटांचा आकडा जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये आरामात बसतो, कारण तिथे ५३ बिटांपर्यंत पूर्णांक बिनचूक राहतात. जीमॉडच्या कोडमध्येही असेच गुणाकार दिसतील.

आता उलगडणं. डिकम्प्रेशनस्ट्रीमच्या नियमात पहिला जीझिप संपल्यावर आणखी बाइट आले तर तो एरर समजायचा असं ठरलेलं आहे. बीजीझेडएफ म्हणजे जीझिपांची रांगच, त्यामुळे तो दुसऱ्या ब्लॉकवर अडणारच. ब्लॉक तुलाच वेगळे करून त्याला एकेक द्यावे लागतील. प्रत्येक ब्लॉकच्या हेडरमध्ये एक जादा खाना असतो, त्याची खूण ६६ आणि ६७ हे दोन बाइट. त्यांच्यापुढे दोन बाइट खान्याची लांबी, आणि मग दोन बाइटमध्ये ब्लॉकची एकूण लांबी वजा एक. ती वाच, तेवढा तुकडा काप, उलगड, पुढच्यावर जा. टीबीआय स्वतःही याच पद्धतीने दाबलेली असते, ते विसरू नकोस. बॅमची इंडेक्स फाइल बीएआय मात्र उघडी, न दाबलेली असते.

हे झालं की तिसऱ्या ठिकाणी अडशील, म्हणून आधीच सांगते. इंडेक्स शेवटच्या ब्लॉकची सुरुवात सांगतो, तो ब्लॉक संपतो कुठे हे सांगत नाही. म्हणून मागणी करताना शेवटच्या पत्त्यापुढे ६५,५३६ बाइट जास्तीचे मागायचे. कोणताही ब्लॉक त्याहून लांब नसतो.

प्रश्न : लॅपटॉपवर सगळं चालतं. ऑफिसच्या सर्व्हरवर फाइली टाकल्या की हेडर चुकीचं असल्याचा एरर येतो. लायब्ररी बदलू का?
— प्रोग्रामर, मिहान

उत्तर : लायब्ररीच्या मागे लागू नका. अशी तक्रार माझ्याकडे आली की मी एकच गोष्ट मागते : कोडमधून फाइलचे पहिले चार बाइट छापा आणि मला सांगा.

३१, १३९, ८, ४ आले तर सुरुवात ठीक आहे, बीजीझेडएफच दिसतं. शेवटचा आकडा ४ च्या जागी ८ किंवा ० असेल तर कोणीतरी साध्या जीझिपने दाबली आहे. मग ती उलगडायची, नोंदी क्रोमोसोम आणि जागेच्या क्रमाने लावायच्या, बीजीझिपने दाबायची आणि टॅबिक्सने नवा इंडेक्स करायचा. नुसतं नाव बदलून भागत नाही.

३५, ३५ आले तर ती हॅशची दोन चिन्हं. व्हीसीएफची पहिली ओळ त्यांनीच सुरू होते, म्हणजे तुमच्या हातात पोचण्याआधीच कोणी फाइल उलगडली. हा उद्योग बहुतेक वेळा सर्व्हरच्या हेडरचा असतो. नावाच्या शेवटी जीझेड दिसलं की काही सर्व्हर कन्टेन्ट-एन्कोडिंग जीझिप असं लिहून पाठवतात. ब्राउझर आज्ञाधारक, तो उलगडूनच देतो. मग इंडेक्समधले पत्ते दाबलेल्या फाइलचे आणि हातात उलगडलेला मजकूर, दोघांचा मेळ बसणार कसा? या फाइलींपुरतं ते हेडर काढायला सांगा. क्लाउडवर ठेवली असेल तर फाइलच्या मेटाडेटात बघा, अपलोड करतानाच कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं.

आणि पहिलाच बाइट ६० आला तर ते एचटीएमएलचं कोनी कंस आहे. फाइल मागितली आणि लॉगिनचं पान आलं! हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, विशेषतः ऑफिसच्या आतल्या सर्व्हरवर.

चारही बाइट बरोबर असूनही गाडी अडली तर डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडा. तुकडा मागितल्यावर उत्तर २०६ हवं. २०० दिसलं तर सर्व्हरने रेंजचं हेडर (अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतच द्या असं सांगणारं) वाचलंच नाही आणि अख्खी फाइल ओतायला घेतली. पायथॉनसोबत येणारा चटकन चालवायचा सर्व्हर मी वापरलेल्या आवृत्त्यांत असंच करतो, म्हणून त्याच्यावर चाचणी घेऊ नये. एनजिनएक्स स्थिर फाइलींना रेंज नीट देतो. आमच्याकडे एका होस्टिंगवाल्याने न सांगता मध्ये कॅशे बसवला होता आणि तोच रेंज गिळत होता. फोनवर तो सारखा म्हणत राहिला की तुमचा कोड बघा. २०० आणि २०६चे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी पाठवले, तेव्हा कुठे मान्य केलं.

पान एका डोमेनवर आणि फाइल दुसऱ्यावर असेल तर कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला फाइल वाचू देण्याची, परवानगीही लागेल. परवानगी देताना कन्टेन्ट-रेंज हे उत्तराचं हेडर उघड करायला सांगा, नाहीतर ते येतं पण तुमच्या कोडला दिसत नाही.

प्रश्न : मे महिन्यात लाइन गेली आणि मोठी बॅम फाइल उतरवताना मध्येच तुटली. पुन्हा सुरू केली, आता आकार तर बरोबर वाटतो. पूर्ण आहे की नाही कसं ओळखू?
— संशोधक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : फाइल देणाऱ्याने एमडी५ची बेरीज दिली असेल तर आधी ती जुळवा. ती नसेल तर शेवटचे २८ बाइट बघा. बीजीझेडएफ फाइलच्या शेवटी एक रिकामा ब्लॉक ठेवतात, नेमका २८ बाइटचा : ३१, १३९, ८, ४ ने सुरू होणारा, मध्ये ६६, ६७, २, ०, मग २७ आणि ०. तो २७ म्हणजे त्याची स्वतःची लांबी वजा एक. हा ब्लॉक नसेल तर शेपूट तुटलेलं आहे. असेल तर शेवट पोचला एवढंच कळतं, मधली खराबी कळत नाही. ती उलगडताना कळेल, कारण प्रत्येक ब्लॉकला त्याचा सीआरसी, म्हणजे तपासणीची बेरीज, असतो.

प्रश्न : कापसाच्या व्हीसीएफवर तुमच्या पद्धतीने काम छान झालं. गव्हाची फाइल घेतली तर टॅबिक्स इंडेक्सच करून देत नाही.
— कृषी संशोधक, अकोला

उत्तर : गव्हाचे क्रोमोसोम त्या कप्प्यांत मावत नाहीत. वर सांगितलेला सगळ्यात मोठा कप्पा २चा २९वा घात, म्हणजे ५३,६८,७०,९१२ बेसचा. (पहिल्या उत्तरातली स्ट्रिंगची मर्यादा यापेक्षा फक्त २४ने कमी आहे, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.) माणसाचा सगळ्यात लांब क्रोमोसोम २५ कोटींच्या आत आहे, आपल्या कापसाचेही सहज बसतात. गव्हाचा ३बी एकटाच ८३ कोटींच्या आसपास जातो.

यासाठी सीएसआय नावाचा इंडेक्स आहे. त्यात कप्प्यांच्या पायऱ्या वाढवता येतात. टॅबिक्सला मोठ्या सीचा पर्याय द्या, तो टीबीआयऐवजी सीएसआय करेल. जीमॉडच्या पॅकेजला टीबीआयच्या जागी सीएसआयचा पत्ता द्या, बाकी काही बदलायचं नाही. गव्हाच्या काही जुन्या फाइलींत क्रोमोसोम भाग एक, भाग दोन असे तोडलेले दिसतील. ते याच मर्यादेपायी. तशी फाइल हाती आली तर जागा जुळवताना पहिल्या भागाची लांबी मिळवायला विसरू नका.

प्रश्न : माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. काही रुग्ण बाहेरून करून आणलेल्या जीनोम तपासणीच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन येतात आणि सिकलसेलचं काय ते बघा म्हणतात. त्या कुठल्याही वेबसाइटवर चढवणं मला पटत नाही. काही उपाय?
— पॅथॉलॉजिस्ट, धंतोली

उत्तर : डॉक्टरसाहेब, चढवू नकाच. गरजही नाही. ब्राउझर तुमच्याच मशीनवरची फाइल तुकड्या-तुकड्याने वाचू शकतो. फाइल निवडण्याच्या बटणातून जी वस्तू मिळते तिला स्लाइस नावाची सोय असते : अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत. टॅबिक्सच्या पॅकेजला इंटरनेटवरच्या पत्त्याऐवजी ही वस्तू देता येते. इंटरनेटवरून रेंजने जे मागवलं जातं तेच इथे डिस्कवरून घेतलं जातं. फाइल बाहेर कुठेच जात नाही. जेब्राउझ २ आणि आयजीव्ही या दुसऱ्या जीनोम ब्राउझरची वेब आवृत्ती दोन्हींत मशीनवरची फाइल उघडता येते. उघडताना व्हीसीएफ (बदलांची यादी) आणि टीबीआय (तिचा इंडेक्स) दोन्ही निवडा, एकटी व्हीसीएफ चालत नाही. रुग्णाने पेन ड्राइव्हवर टीबीआय आणलेलीच नसते असा माझा अनुभव आहे. ती टॅबिक्सने करून घ्या, काही मिनिटांचं काम. कॉम्प्युटरवाल्या मुलाला सांगा की पान एकदा उघडल्यावर इंटरनेट तोडून बघ. ओळी तरीही दिसल्या तर काही बाहेर जात नाही याची तुमच्या डोळ्यांदेखत खात्री झाली.

ओळ सापडली की शेवटचे रकाने बघा. ०/१ म्हणजे एका प्रतीत बदल आहे, १/१ म्हणजे दोन्हींत. ओळच नसेल तर मात्र लगेच 'नाही' म्हणू नका. बहुतेक व्हीसीएफमध्ये फक्त बदल सापडलेल्या जागा लिहितात, त्या जागेवर वाचन पुरेसं झालंच नव्हतं तरीही ओळ नसते. ते बघायला बॅम फाइल लागेल, आणि ती रुग्णाला कोणी दिलेली नसते. तुमच्याकडे सोल्युबिलिटी टेस्ट आहे, एचपीएलसीला नमुना पाठवायची सोय असेलच. रिपोर्टवर सही त्या निकालावर करा, माझ्या जावास्क्रिप्टवर नको.